गुडघ्यातली गादी फाटली आहे? ऑपरेशन ठरवण्याआधी या चुका टाळा

भातलावणीच्या दिवसांत चिखलात रुतलेला पाय न उचलताच कंबरेतून वळताना माझ्या आईच्या गुडघ्यात कळ आली. पंधरा दिवसांनी खानापूरहून बेळगावला नेऊन एमआरआय काढला, तेव्हा अहवालात गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटल्याचे लिहून आले. आईचे वय तेव्हा ६४ होते. त्या एका ओळीवरून आम्ही दुर्बिणीचे ऑपरेशन घरातच ठरवून टाकले, ही आमची पहिली चूक.

उतारवयात गादी झिजून फाटणे हे केस पिकण्याइतकेच नेहमीचे आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे एमआरआय काढले गेले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिनाभरात दुखलाही नव्हता की आखडलाही नव्हता. त्यामुळे अहवालातली फट आणि आपली कळ यांचा संबंध आहे की नाही, हे डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासूनच ठरवावे लागते.

दुसरी चूक म्हणजे ऑपरेशन हाच खरा इलाज आणि व्यायाम ही गरिबाची तडजोड, असे मानणे. या वयात फाटलेली गादी बहुधा शिवत नाहीत, फाटका भाग कातरून काढतात, कारण गादीच्या फक्त बाहेरच्या काठाला रक्तपुरवठा असतो आणि आतला भाग सहसा भरून येत नाही. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांपैकी काहींची गादी खरोखर कातरली आणि काहींवर ऑपरेशनचे नुसते सोंग केले. २०१३ साली निष्कर्ष आला की वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतील ४५ वर्षांपुढच्या ३५१ रुग्णांच्या अभ्यासातही सहा महिन्यांनी ऑपरेशन आणि फिजिओथेरपी यांत ठळक फरक आढळला नाही. मात्र फिजिओथेरपीच्या गटातील ३० टक्के रुग्णांनी तेवढ्या काळात ऑपरेशन करून घेतले, हेही सांगितले पाहिजे. व्यायामाने सुरुवात केली म्हणून ऑपरेशनचे दार बंद होत नाही, एवढे त्यावरून कळते.

सर्वांत जास्त घोटाळा मात्र व्यायामातच होतो. शेक आणि करंटचे मशीन म्हणजे फिजिओथेरपी, अशी आपल्याकडे समजूत आहे. गुडघ्याला खरा आधार मिळतो तो मांडीचे स्नायू बळकट झाल्यावर. नेदरलँड्समधील एका चाचणीत आठ आठवड्यांत १६ वेळा व्यायाम करून घेतला होता, आणि आपण चौथ्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून सोडतो. आईच्या बाबतीत आणखी एक सीमाभागी अडचण होती. तिला मिळालेला व्यायामाचा कागद कानडीत आणि इंग्रजीत, आणि तिला वाचता येते ते मराठी. शेजारच्या मुलाने वाचून सांगितले त्यात गुडघ्याखाली ठेवायची टॉवेलची गुंडाळी टाचेखाली गेली, आणि टॉवेल दाबून मांडी आवळण्याऐवजी ती तीन आठवडे नुसती पाय उंचावर ठेवून पडून राहिली. कागद घेऊन घरी येऊ नये. प्रत्येक व्यायाम फिजिओसमोर स्वतः करून दाखवावा आणि मोबाईलमध्ये चित्रीकरण करून घ्यावे.

व्यायामाने थोडे दुखले तर घाबरून थांबू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे पूर्ववत झाले, तर प्रमाण योग्य आहे. गुडघा सुजला, तर आवर्तने निम्मी करावीत. पूर्ण विश्रांतीने मांडी वाळते आणि गुडघा आणखी लुळा पडतो. उकिडवे बसणे आणि भजनाला तासन्‌तास मांडी घालून बसणे मात्र काही महिने सोडावे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला यंदा खालूनच हात जोडावेत.

उलट दिशेची चूकही तितकीच महागात पडते. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, किंवा पायरी उतरताना मागच्या बाजूला ‘टक्’ असा आवाज होऊन एकदम तीव्र कळ आली असेल, तर व्यायामावर महिने घालवू नयेत आणि हाडवैद्याकडून ओढून तर मुळीच घेऊ नये. अशा गुडघ्यांपैकी काहींना ऑपरेशनच लागते. ताप येऊन गुडघा लाल आणि गरम झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अडकला आहे की नुसता आखडला आहे याचा अंदाज घेण्यासाठी उताणे झोपून दोन्ही पाय सैल सोडावेत आणि गुडघ्यामागच्या खळग्यांखालून तळहात सरकवून पाहावा. एका बाजूला हात सहज आरपार जात असेल आणि तो गुडघा कितीही दाबला तरी मागून पलंगाला टेकत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यात घ्यावी.