घोटा मुरगळला: पहिल्या तासापासून पुन्हा उडी मारेपर्यंत

उडीवरून उतरताना पाऊल आत वळतं, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला कळ जाते आणि बघता बघता सूज चढते. नाचणाऱ्यांना आणि खेळाडूंना हे इतक्यांदा होतं की कुणी फारसं मनावर घेत नाही. मग तोच घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो.

आधी हाडाची शंका फेडा

कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले निकष आजही जगभर वापरले जातात. मुरगळल्यावर लगेच, आणि नंतर तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. चालता येत असलं तरी बोटाने दाबून बघा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात, त्यांचं टोक आणि मागची कड (खालचे साधारण ६ सेंटीमीटर) दाबल्यावर दुखते का? करंगळीपासून पावलाच्या बाहेरच्या कडेने टाचेकडे जाताना मध्यावर एक उंचवटा लागतो. तो दुखतो का? आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावरचं हाड? यातलं एक जरी ‘हो’ आलं तरी एक्स-रे हवा. पाऊल वाकडं दिसत असेल, गार किंवा बधिर पडलं असेल तर दाबत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

पहिले दोन-तीन दिवस

सराव बंद. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून काही वेळा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर पोटरीकडे बांधत न्या. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. झोपून, पायाखाली उशा घेऊन पाऊल छातीपेक्षा उंच ठेवा. शेक नको, चोळणं नको, आणि कुणी पाय ओढून ‘बसवून’ देतो म्हणालं तर अजिबात नको. बर्फाने ठणका कमी होतो, पण लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारी चिवट पट्टी) लवकर जुळतं असं नाही. त्यामुळे तासन्‌तास बर्फ लावून काही साधत नाही.

मग पाय हलवा

सोसेल तेवढं वजन टाकत चाला. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवा, म्हणजे घोटा सगळ्या दिशांना फिरतो.

तोल परत शिकवा

माझ्या मते खरी गोम इथे आहे. दुखणं थांबलं की लोक उपचार थांबवतात. पण पाऊल कोणत्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणारे चेतातंतूंचे शेवट लिगामेंटमध्येही असतात आणि मुरगळताना त्यांनाही इजा होते. खबर उशिरा पोचली की घोटा सावरणारे स्नायूही उशिरा जागे होतात. तोवर पाय वळलेला असतो.

भिंत हाताशी ठेवून दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा. बोटांनी जमीन घट्ट धरू नका. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच तिन्ही टेकलेली हवीत. जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या टॉवेलवर, मग चेंडू झेलत. जोडीला एका पायावर टाचा उचला. नाचणाऱ्यांनी हे आरशासमोर करावं, कारण चवड्यावर गेल्यावर घोटा बाहेर कलतो ते स्वतःला कळत नाही.

परतताना

दिवस मोजू नका, दोन्ही पायांची तुलना करा. चांगल्या पायावर जितक्या वेळा टाच उचलता येते, जवळपास तितकी दुखऱ्यावर जमली पाहिजे. मग एका पायावर जागच्या जागी उड्या, नंतर बाजूला. धावणाऱ्याने नागमोडी वळणं घ्यावीत. नाचणाऱ्याने आधी दोन्ही पायांवर उतरावं, गिरक्या सगळ्यात शेवटी. सुरुवातीचे काही महिने खेळताना ब्रेस (घोट्याला आधार देणारं वेष्टन) किंवा टेप लावला तर पुन्हा मुरगळण्याची शक्यता कमी होते.

न मुरगळताच दुखत असेल तर

हे प्रकरण वेगळं. सराव वाढवल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. बॅले नर्तकांत ती अनेकदा दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला जाते, धावपटूंत कमानीच्या माथ्यावरच्या हाडालाही. अशा वेळी दुखणं दाबून नाचू-धावू नका. पहिला एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो. तेवढ्यावर सराव सुरू न करता एमआरआय करायचा का, हे डॉक्टरांना विचारा.