वजनकाट्यावरून मुलांची हाडं जोखताय? या चुका टाळा

मुलगा अंगानं भरलेला असला की घरात म्हणतात, ‘हाडापेरानं मजबूत आहे.’ मुलगी काटकुळी असेल तर ‘या वयात बारीकच बरी’ म्हणून विषय संपतो. दोन्ही वेळा आपण वजन पाहत असतो, आणि हाडांबद्दल वजन फार थोडं सांगतं.

जाड म्हणजे मजबूत, हा समज

यात थोडं तथ्य आहे. जास्त वजन पेलावं लागलं की हाडं काही प्रमाणात घट्ट होतात. चरबीच्या पेशी थोडं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकही तयार करतात आणि ते हाडांना उपयोगी पडतं. त्यामुळे डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत जाड मुलाच्या हाडांची घनता चांगली दिसू शकते. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. हाडाला खरी ताकद मिळते ती स्नायूंच्या ओढीतून. वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त असेल, तर त्या शरीराला पेलण्याएवढं हाड तयार होतंच असं नाही. लठ्ठ मुलांमध्ये हाताची, विशेषतः मनगटाजवळची हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त आढळतं. पडताना सगळा भार हातावर येतो, हे त्याचं एक कारण.

पोटाच्या आत साठणारी चरबी जास्त त्रासदायक. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. शिवाय अस्थिमज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशी होतात, त्यांच्यापासूनच चरबीच्या पेशीही होतात. तिथे चरबीकडे कल झुकला की हाडाच्या वाट्याला कमी येतं.

बारीक आहे, म्हणजे चरबी नाही, असं धरून चालणं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडची कितीतरी मुलं अशीच असतात: हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं. म्हणून काट्यासोबत टेपही घ्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरत असेल, तर वजन ‘नॉर्मल’ असलं तरी डॉक्टरांशी बोला.

उपाशी राहून वजन उतरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण घरचे हिचं कौतुक करतात. रात्रीचं जेवण बंद, भात-पोळी बंद, दूधही बंद. अशानं चरबीबरोबर स्नायू जातात आणि हाडातला चुनाही कमी होतो. चरबी फारच घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, शरीर इस्ट्रोजेन बनवणं आवरतं घेतं आणि पाळी थांबते. धावणाऱ्या, जिम्नॅस्टिक्स किंवा नृत्य करणाऱ्या मुलींमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. ‘सरावामुळे होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आहार वाढवा. मुलगेही यातून सुटत नाहीत, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसते. सतत थकवा आणि नडगीत किंवा पावलात न जाणारं दुखणं, याकडे लक्ष ठेवा.

नववी-दहावीत खेळ बंद करणं

उंची झपाट्यानं वाढते त्या काळाच्या आसपासच्या दोन वर्षांत प्रौढ हाडातल्या एकूण खनिजांपैकी जवळपास पाव भाग साठतो. मुलींमध्ये हा काळ साधारण बारा-तेराव्या वर्षी येतो आणि मुलांमध्ये चौदाव्याच्या सुमारास. म्हणजे नेमका क्लास लागतो तेव्हा! पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडाला आदळणारा भार लागतो. लंगडी, खो-खो, कबड्डी, बास्केटबॉल किंवा दोरीवरच्या उड्या, यांतलं काहीतरी आठवड्यातून तीन-चार दिवस होऊ द्या.

कॅल्शियमचं थोडक्यात सांगते. तेरा ते पंधरा वयाला रोज १००० मिलिग्रॅम लागतं. दूध-दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि पालेभाज्या रोजच्या जेवणात असल्या तर ते बरंचसं भागतं. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र चरबीत अडकून राहतं, त्यामुळे लठ्ठ मुलांच्या रक्तात ते कमी भरतं आणि त्यांना डोस वेगळा लागू शकतो. म्हणून शेजारच्या मुलाला दिलेली ६०,००० युनिटची पुडी आपणच आणून देऊ नका.

गुडघा दुखतोय म्हणून नुसतं मलम चोळणं

वजन जास्त असलेला दहा ते सोळा वयाचा मुलगा किंवा मुलगी लंगडत असेल, गुडघा किंवा मांडी दुखते म्हणत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळत असेल, तर दोष खुब्यात असू शकतो. मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या पट्टीवरून, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या थरावरून, घसरतं आणि कळ मात्र गुडघ्यात येते. गुडघ्याचा एक्स-रे व्यवस्थित येतो, सगळे निर्धास्त होतात आणि आठवडे वाया जातात. अशा मुलाला चालायला लावू नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढायचा का, हे आवर्जून विचारा. निदान लवकर झालं तर बहुतेक वेळा स्क्रू घालून हाड जागेवर रोखता येतं. एका बाजूला हे झालं की दुसऱ्या खुब्यालाही धोका असतो, म्हणून हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत फेरतपासण्या चुकवू नका.