स्वस्त लाइट स्टँड घेताय? या चुका टाळा

साताऱ्याजवळच्या एका मंगल कार्यालयात हळदीच्या फोटोंची ऑर्डर होती. कोपऱ्यात नऊ फुटी स्टँड उभा केला होता, त्यावर स्पीडलाइट, म्हणजे बॅटरीवरचा छोटा फ्लॅश, आणि त्याचा उजेड पसरवणारी पांढरी छत्री. उकाडा इतका होता, की कुणीतरी शेजारचा पेडेस्टल पंखा आमच्या बाजूला वळवला. छत्रीत वारा भरला, स्टँड एकदा डुलला आणि मी धावत पोचेपर्यंत आडवा झाला. छत्रीची दांडी ज्या खुर्चीवर आपटली, त्या खुर्चीवरून नवरीची आजी नुकतीच उठून गेली होती.

फ्लॅश फुटला त्याचं मला काही वाटलं नाही. आजी तिथे असत्या तर काय झालं असतं, हे मात्र कित्येक दिवस डोक्यातून गेलं नाही. स्टँड आठशे रुपयांचा होता. घरी जाऊन शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की दोष एकट्या स्टँडचा नव्हता. मी तो निवडताना चुकलो होतो आणि उभा करतानाही चुकलो होतो. म्हणून आता कुणी नवा मुलगा विचारतो, "दादा, हजारात चांगला स्टँड कुठला?" तेव्हा मी आधी दोन गोष्टी विचारतो. टोकाला काय लावणार? आणि खाली कोण बसलेलं असणार?

खोक्यावरच्या किलोंवर विसंबणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. खोक्यावर "५ किलोपर्यंत" छापलेलं असतं आणि आपण समजतो, पाच किलो बिनधास्त लावा. तो आकडा वजन अगदी सरळ, मधोमध आणि स्थिर असतानाचा असतो. सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी लाइटपुढची कापडी पेटी, कधीच मधोमध नसतो, तो पुढे झुकलेला असतो. म्हणून छापलेल्या आकड्याच्या निम्मं वजन हीच आपली मर्यादा धरायची. बूम, म्हणजे लाइट पुढे धरणारा आडवा दांडा, लावणार असाल तर त्याहूनही कमी.

आपल्या सामानाचं वजन एकदा घरच्या काट्यावर करून बघा. बॅटऱ्यांसह स्पीडलाइट, तो स्टँडवर बसवायचं ब्रॅकेट आणि छत्री मिळून साधारण किलो-सव्वा किलो भरतं. एवढ्याला साधा ॲल्युमिनियमचा स्टँड पुरतो. पण विजेवर चालणारा स्टुडिओ फ्लॅश किंवा मोठा एलईडी आणि त्यावर सॉफ्टबॉक्स म्हटलं, की मामला तीन-चार किलोंवर जातो. त्याला हजाराच्या आतला स्टँड लावू नका. हे मी अगदी हात जोडून सांगतो.

आकड्यापेक्षा नळीची जाडी जास्त खरं सांगते. दुकानात जाताना खिशात छोटी टेप ठेवा आणि सर्वांत वरची नळी मोजा. दुकानदार खालची जाड नळी हातात देतो, पण डुलते ती वरची. पत्र्याची जाडी सारखी असेल, तर २२ मिमीची नळी १६ मिमीच्या नळीपेक्षा सुमारे अडीच पट ताठ असते. प्रत्येक टप्प्याला नळी थोडी बारीक होत जाते, त्यामुळे चार टप्प्यांचा स्टँड घडी केल्यावर छोटा दिसला तरी त्याचं टोक काडीसारखं असतं. त्याच पैशांत तीन टप्प्यांचा मिळत असेल तर तो घ्या, पिशवी थोडी लांब झाली तरी चालेल.

उंचीचा हिशेब न करणं

पोर्ट्रेटसाठी सात फूट पुरतात असं सगळीकडे सांगतात. बसलेल्या माणसासाठी ते बरोबर आहे. पण आपली कामं कुठं असतात? लग्नात. कार्यालयातलं स्टेज दोन-तीन फूट उंच असतं, त्यावर नवरा-नवरी उभे, आणि स्टँडला जागा मिळते ती खाली, पाहुण्यांच्या पहिल्या रांगेजवळ. सात फुटी स्टँड तिथे पूर्ण उचलला तरी लाइट जेमतेम त्यांच्या छातीच्या पातळीला येतो. मग हनुवटीखालून उजेड पडतो, नाकाची सावली वर कपाळाकडे चढते, आणि अल्बममध्ये नवरी आजारी दिसते.

म्हणून नऊ फुटी घ्या आणि शक्यतो आठपर्यंतच वापरा. शेवटची बारीक नळी पूर्ण बाहेर काढली, की लाइट डोलायला लागतो. अर्ध्याच उंचीवर काम भागत असेल, तर आधी खालची जाड नळी उचला आणि बारीक आत राहू द्या. पूर्ण उंची लागणारच असेल तर क्रम उलटा करा: आधी सर्वांत वरचा टप्पा. नाहीतर नळी आवळणारा वरचा नॉब हाताच्या बाहेर जातो, आणि खुर्चीवर चढून, डोक्यावर लाइट असताना नॉब सोडवण्याची वेळ येते. भर लग्नात खुर्चीवर चढलेला फोटोग्राफर आणि त्याच्या हातात सुटलेली नळी, हे मी पाहिलेलं आहे.

घरच्या घरी पदार्थांचे किंवा दागिन्यांचे फोटो काढणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांना सहा-सात फूट भरपूर होतात. स्कूटरवरून फिरणाऱ्यांनी उलट्या घडीचा, म्हणजे पाय वर दुमडून नळीला चिकटणारा स्टँड जरूर बघावा. अर्ध्या मीटरच्या आसपास घडी होते, पाठीवरच्या बॅगेत मावतो. फक्त त्यावर स्पीडलाइटपेक्षा जड काही चढवू नका.

टोकाकडे न बघता स्टँड घेणं

बाकी सगळं तपासतात, टोक कुणी बघत नाही. चांगल्या स्टँडच्या टोकाला धातूचा जाडसर खुंटा असतो, ५/८ इंचाचा, म्हणजे जवळपास १६ मिमीचा. त्यावर १/४ इंचाचा आट्यांचा स्क्रू. जगभरातले बहुतेक फ्लॅश, ब्रॅकेट आणि छत्रीचे होल्डर याच मापाच्या खुंट्यावर बसतात. अगदी स्वस्त स्टँडना हा खुंटा नसतोच. प्लॅस्टिकच्या टोपणातून नुसता बारीक स्क्रू वर आलेला असतो. मोबाइल धरायला, रिंगलाइटला तो ठीक आहे. त्यावर ब्रॅकेट बसवलं, की सगळं वजन त्या एका स्क्रूवर आणि प्लॅस्टिकवर येतं. चार ऑर्डरीत टोपण फिरायला लागतं.

खुंट्याला मध्ये एक खाच असते. ती शोभेची नाही. ब्रॅकेटचा बाजूचा स्क्रू त्या खाचेत बसला पाहिजे, मग स्क्रू थोडा सैल झाला तरी ब्रॅकेट वर निसटत नाही. एकदा हाताने लाइट वर ओढून बघायचा. हलला नाही तर बरोबर बसला.

ब्रॅकेटवरचा फ्लॅशचा बूट (फ्लॅशचा पाय ज्यात सरकवतात तो) धातूचा असेल, तर फ्लॅशच्या पायाखालचे संपर्कबिंदू एकमेकांना जोडले जाऊन फ्लॅश आपोआप उडतो किंवा उडतच नाही. लोक फ्लॅश दुरून उडवणाऱ्या ट्रिगरला दोष देतात, बॅटऱ्या बदलतात. बुटावर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवा, काम होतं.

पाय नीट न पसरणं

आता माझी त्या दिवशीची खरी चूक. गर्दी होती, कुणी अडखळू नये म्हणून मी पाय निम्मेच पसरले होते. स्टँड मुळात तीन पायांचा. त्याचं गणित एकदा समजून घेतलं की पुन्हा अशी चूक होत नाही.

समजा पाय मधल्या नळीपासून ४५ सेंमी लांब पोचतोय. पायाच्या दिशेला आधार ४५ सेंमीवर आहे. पण दोन पायांच्या मधल्या दिशेला आधाराची रेषा निम्म्या अंतरावर, साडेबावीस सेंमीवर येते. स्टँड नेहमी त्याच बाजूला पडतो. स्टँड आणि लाइट मिळून अडीच किलो वजन, आणि छत्री दोन मीटर उंचीवर. या हिशेबाने त्या बाजूला स्टँड पाडायला वर फक्त पाव किलोच्या आसपास रेटा पुरतो. एका हाताच्या बोटाचा धक्का. मीटरभर रुंदीच्या छत्रीवर एवढा रेटा ताशी सात-आठ किलोमीटरची झुळूकही देते, मग पंख्याची काय कथा. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ताशी २० किलोमीटरला तो दोन किलोंच्या जवळ जातो.

यातून तीन गोष्टी निघतात. पाय इतके पसरायचे, की पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जमिनीला जवळपास समांतर येतील. त्याहून खाली दाबलं तर मधली नळी जमिनीला टेकते आणि स्टँड एका खुंटीवर उभा राहतो, ते नको. दुसरं, ज्या बाजूला वजन झुकलंय किंवा वारा ढकलतोय, नेमका त्या बाजूला एक पाय ठेवायचा. एक पैसा न खर्चता आधार कागदावर दुप्पट होतो. आणि तिसरं, खाली वजन.

सँडबॅग विकत घ्यायला लोक कंटाळतात. साधारण तीन लिटर कोरडी वाळू म्हणजे पाच किलो. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत भरून, तोंडं घट्ट बांधून, जुन्या जीन्सच्या पायात घालून शिवून टाका. पावसाळ्यात ओली वाळू भरू नका, कुबट वास सुटतो. पिशवी पायांवर अशी टाकायची, की ती लोंबकळत राहील. जमिनीवर टेकली, तर तिचं वजन जमिनीवर जातं, स्टँडवर नाही. वर नॉबला अडकवायची नाही, ती झोके घेते आणि उलट स्टँड हलवते.

मोकळ्या मैदानात, गच्चीवर, समुद्रकाठी मात्र पाच किलोंवर विसंबू नका. तिथे छत्री मिटून ठेवा, उघडा फ्लॅश वापरा किंवा स्टँडजवळ एक माणूस उभा करा. मी हेल्परला त्या दिवसाचे जादा पैसे देतो आणि त्याला सांगतो, स्टँड सोडून हलायचं नाही, कॅमेऱ्याची बॅग चोरीला गेली तरी चालेल.

"एअर कुशन" म्हणजे सुरक्षित, हा समज

एअर कुशनच्या स्टँडमध्ये नॉब सैल झाला, तर नळी धाडकन खाली येत नाही. आतली हवा दबते आणि सुस्स आवाज करत ती हळू उतरते. लाइट वाचतो, बोटं चेमटत नाहीत. दोन-अडीचशे रुपये जास्त पडले तरी हे घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पण याचा पडण्याशी काही संबंध नाही. स्टँड कलंडला, की हवा काही करत नाही. आणि कुशन असो वा नसो, नॉब सोडताना दुसऱ्या हातात वरची नळी धरलेलीच हवी.

घेतल्यावरचे बिघाड

नळी घसरते, ही नेहमीची तक्रार. बहुतेक जण नॉब आणखी आवळतात आणि जोडावरच्या प्लॅस्टिकच्या कॉलरला तडा जातो. त्याआधी नळी कोरड्या फडक्याने पुसा. नळी गुळगुळीत चालावी म्हणून कुणीतरी तिला तेल लावलेलं असतं. पकड घर्षणावर असते, तेल लागलं की पकड गेली. तेल लावायचंच तर एक थेंब नॉबच्या आट्यांना, नळीला कधीच नाही. पुसूनही घसरत असेल तर नॉब पूर्ण काढून आत बघा. स्क्रूच्या टोकापुढे प्लॅस्टिकची छोटी चकती असते. ती बहुतेक वेळा पडून गेलेली असते, आणि नुसता स्क्रू नळीला टोचत राहतो. जाड प्लॅस्टिकचा तेवढाच तुकडा कापून बसवा.

पायांचे रिव्हेट ढिले झाले, तर ते ठोकत बसू नका. ड्रिलने काढून त्या जागी बोल्ट आणि आत नायलॉन असलेला नट बसवा. तो सैल होत नाही. पायाचे रबरी बूट हरवले तर हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायाचे बूट मिळतात, माप घेऊन जा. बुटाशिवाय फरशीवर स्टँड घसरतो आणि कार्यालयवाल्यांच्या ग्रॅनाइटवर ओरखडे पडतात ते वेगळंच.

कोकणात, गोव्यात प्री-वेडिंग करणाऱ्यांनी किनाऱ्यावरून आल्यावर त्याच रात्री स्टँड गोड्या पाण्यात धुवावा, सगळे टप्पे बाहेर काढून उलटा सुकवावा. ॲल्युमिनियमच्या नळीला गंज चढत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण आतले स्क्रू लोखंडाचे असतात. वाळूचा एक कण नळ्यांमध्ये अडकला तरी कर्र आवाज येतो आणि ओरखडे पडतात.

दोन स्वस्त की एक चांगला?

कॅमेऱ्यावर लाखभर रुपये घालणारे स्टँडला हजार द्यायला कुरकुरतात. मॅनफ्रोटो हे आज एवढं मोठं नाव, पण त्याची सुरुवात लाइटच्या स्टँडपासूनच झाली. इटलीतल्या बासानो देल ग्राप्पा गावचे छायाचित्रकार लिनो मॅनफ्रोटो यांना मिळणारे स्टँड जड आणि गैरसोयीचे वाटत, म्हणून त्यांनी स्वतःच बनवायला घेतले. त्यांचे स्टँड आपल्यातल्या बहुतेकांना परवडत नाहीत, मलाही सुरुवातीला परवडले नाहीत. पण मुख्य लाइटचा स्टँड जाड नळीचा, एअर कुशनचा आणि धातूच्या कॉलरचा घ्या. मागच्या लाइटला, पडद्यामागे जिथे कुणी फिरकत नाही, तिथे स्वस्त चालतो.

ऑनलाइन मागवला तर परत करायची मुदत संपायच्या आत घरात पूर्ण उंचीवर उभा करा. टोकाला दोन किलोची तांदळाची पिशवी बांधा आणि रात्रभर तसाच ठेवा. संध्याकाळी प्रत्येक जोडावर पेन्सिलीने खूण करा. सकाळी खूण नळीत गेलेली दिसली, तर तो स्टँड परत पाठवा.