घरच्या सर्व्हरवर गाणी उलटसुलट लागतात? या चुका टाळा

गीतरामायणात ५६ गीतं आहेत. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे ती प्रसारित झाली, आणि रामकथा त्याच क्रमाने पुढे सरकते. हा संग्रह मी घरच्या सर्व्हरवर, म्हणजे घरातल्या फोनना गाणी पुरवणाऱ्या संगणकावर चढवला, तेव्हा राम-रावण युद्धाचं गीत सुरुवातीलाच लागलं. आई देवपूजेला बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "अरे, जन्माच्या आधी युद्ध कुठून आलं?"

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. युद्धाचं गीत 'अ'ने सुरू होतं, रामजन्माचं 'र'ने. फाइलींमधला ट्रॅक नंबरचा, म्हणजे गाणं अल्बममध्ये कितवं ते सांगणारा रकाना कोरा होता, म्हणून सर्व्हरने गाणी अकारविल्हे लावली.

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. फाइलींची नावं बदलत बसतात: 01, 02, 03. नाव्हिड्रोम किंवा जेलीफिन हे सर्व्हरवरचे प्रोग्रॅम क्रम ठरवताना आधी फाइलीच्या आतला टॅग (गाण्याचं नाव, गायक, क्रमांक अशी नोंद) वाचतात, बाहेरचं नाव नाही. फोल्डरमध्ये सगळं ओळीने दिसतं आणि फोनवर गोंधळ तसाच राहतो. म्हणून आधी एमपी३टॅग किंवा किड३ या टॅग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये अल्बम उघडा आणि ट्रॅक नंबरचा रकाना बघा. दोन्ही विंडोजवर फुकट आहेत. किड३ लिनक्स आणि मॅकवरही फुकट चालतं.

१, १०, ११, २ असा क्रम दिसत असेल, तर तिथे आकडे अक्षरांसारखे लावले गेले आहेत. नावावरून क्रम लावणाऱ्या प्लेअरमध्ये हे हमखास होतं. तिथे मात्र नावात 01, 02 लिहिलेलं उपयोगी पडतं. शंभरच्या वर गाणी असतील तर 001 पासून सुरू करा.

एमपी३टॅगमध्ये आपोआप क्रमांक टाकायची सोय आहे, कंट्रोल आणि के दाबलं की उघडते. ती वापरताना एक गोष्ट सांभाळा. त्या क्षणी यादी पडद्यावर ज्या क्रमाने दिसते, त्याच क्रमाने नंबर पडतात. यादी नावाप्रमाणे लागलेली असेल तर चुकीचा क्रमच पक्का होऊन बसतो. कॅसेटचं किंवा सीडीचं कव्हर हातात घ्या, यादी त्याबरहुकूम लावा आणि मगच नंबर टाका. त्याआधी फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. घरच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं गाणं एकदा बिघडलं तर ते पुन्हा मिळेलच असं नाही.

सगळ्यात जास्त घोळ मात्र डिस्क नंबरचा, म्हणजे संचातली कितवी सीडी या रकान्याचा असतो. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, त्यामुळे मोठा संच चार-पाच सीडींचा होतो आणि प्रत्येक सीडी पुन्हा १ पासून सुरू होते. सगळ्या फाइली एका अल्बममध्ये घातल्या आणि डिस्क नंबर कोरा ठेवला की क्रम असा लागतो: पहिल्या सीडीतलं पहिलं, दुसऱ्या सीडीतलं पहिलं, मग दोन्हींतलं दुसरं. एक-आड-एक सीडी बदलल्यासारखं ऐकू येत असेल तर दुसरीकडे शोधू नका, दोष इथेच आहे. डिस्क नंबरमध्ये १, २, ३ भरा आणि अल्बमचं नाव सगळीकडे एकच ठेवा. एका सीडीला 'भाग १' आणि दुसरीला नुसतं 'खंड दुसरा' असं असेल तर सर्व्हर दोन वेगळे अल्बम धरतो.

देवनागरीत आणखी एक खाच आहे. 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवर सलग टाइप होतं, दुसऱ्यावर 'अ' आणि वरचा चंद्र वेगळे पडतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला नाहीत. म्हणून अल्बममधल्या सगळ्या फाइली एकदम निवडा आणि नाव एकदाच लिहा.

नाट्यसंगीताच्या संकलनात प्रत्येक पद वेगळ्या गायकाचं असतं. 'अल्बम आर्टिस्ट' (पूर्ण अल्बमचा कलाकार) हा रकाना रिकामा राहिला तर एका अल्बमचे दहा तुकडे होऊ शकतात. तिथे सगळीकडे 'विविध कलाकार' लिहा. गायकाचं नाव 'आर्टिस्ट'मध्ये राहू द्या, ते पुसू नका.

सगळं दुरुस्त करूनही क्रम बदलत नसेल तर एमपी३ फाइलीत दोन टॅग असण्याची शक्यता आहे. एमपी३ मधल्या टॅगला आयडी३ म्हणतात. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा जुना टॅग फाइलीच्या शेवटी १२८ बाइटमध्ये बसतो आणि त्यात नावाला ३० अक्षरांचीच जागा असते. युनिकोडची, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या साठवायची सोय त्यात नाही, म्हणून मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. तुम्ही नवा टॅग सुधारता आणि एखादा प्लेअर जुना वाचतो. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये जुना टॅग काढून टाकता येतो. माझ्या मते तो ठेवण्यात आज काहीच अर्थ नाही.

प्लेक्स हा सर्व्हरचा प्रोग्रॅम वापरत असाल तर तो इंटरनेटवरून स्वतःची माहिती आणतो आणि तुमचे टॅग बाजूला पडतात. लायब्ररीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्थानिक माहितीला प्राधान्य द्यायचा पर्याय आहे, तो चालू करा. जुन्या मराठी ध्वनिमुद्रिकांची माहिती इंटरनेटवर अपुरी असते, तेव्हा आपल्या हातातल्या कव्हरवर जास्त विश्वास ठेवावा.

टॅग बदलल्यावर सर्व्हरला पुन्हा स्कॅन करायला सांगा, फोनवर उतरवून ठेवलेली गाणी काढून नव्याने उतरवा. शफल (गाणी कुठल्याही क्रमाने लावायची सोय) बंद आहे ना, तेही बघा.

गाडीतल्या पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. बऱ्याच कार स्टिरिओ टॅग बघत नाहीत, पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि गाणी क्रमाने, एकेक फोल्डर करत कॉपी करा. फॅटसॉर्ट नावाचं छोटं साधन हेच काम कॉपी झाल्यानंतर करून देतं.