नवा सेवा क्लब सुरू करताना या चुका टाळा

गोव्यात रोटरीचा किंवा लायन्सचा नवा क्लब स्थापन होतो तेव्हा चार्टर नाईट, म्हणजे क्लबला चार्टर (मान्यतापत्र) मिळाल्याचा समारंभ, थाटात पार पडते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, आणि पुष्कळदा दीड-दोन वर्षांत त्याच क्लबच्या सभेला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार एवढेच उरतात. या दुखण्याचे मूळ बहुधा स्थापनेच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत असते, आणि ते सभासदांच्या यादीत सापडते.

वीस नावांची घाई

दोन्ही संघटनांत नव्या क्लबसाठी किमान २० सभासद लागतात आणि दोन्हींचे वर्ष ३० जूनला संपते. त्यामुळे मे महिना लागला की डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे संघटनेच्या विभागाच्या, गव्हर्नरांची (विभागप्रमुखांची) कारकीर्द संपण्यापूर्वी चार्टर मिळावा या ओढीने यादी भरू लागते: नवा क्लब उभा करणाऱ्या जुन्या (प्रायोजक) क्लबमधल्या कोणाचा तरी मेहुणा, एकाच पेढीतले पाच कर्मचारी, शब्द मोडवत नाही म्हणून सही करणारे डॉक्टर. पहिली वर्गणीही कित्येकदा दुसराच कोणी भरतो. मग जुलै आणि जानेवारीत आंतरराष्ट्रीय वर्गणीचे बिल येते, ते यादीत असलेल्या नावांवर आकारले जाते, आणि सोडून गेलेल्याचे नाव वेळीच कमी केले नसेल तर त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. ही वर्गणी डॉलरमध्ये ठरत असल्याने रुपयांतला आकडा दरवर्षी हलतो. शिवाय डिस्ट्रिक्टची वर्गणी आणि क्लबचा स्वतःचा खर्च वेगळा. हे सगळे मिळून वर्षाला किती पडेल, तो आकडा सही घेण्यापूर्वीच सांगावा. तो ऐकून मागे फिरणारा माणूस पुढे थकबाकीदार होण्यापेक्षा आधीच फिरलेला बरा.

यादी बारा-तेरा नावांवर अडली असेल, तर ओढूनताणून वीस करू नयेत. जुन्या क्लबच्या छत्राखाली रोटरीत ८ सभासदांचा सॅटेलाइट क्लब आणि लायन्समध्ये ५ सभासदांचा ब्रँच क्लब काढता येतो. सत्तरी, सांगे किंवा धारबांदोडा यांसारख्या तालुक्यांत, जिथे वस्ती विखुरलेली आहे आणि व्यावसायिक मोजके आहेत, तिथे माझ्या मते सुरुवात अशीच व्हावी; पण व्यासपीठावर सांगायला ‘पूर्ण’ क्लब हवा असतो, म्हणून हा मार्ग मागे पडतो. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये महिलांना सभासदत्व खुले केले, तरी काही याद्यांत अजून महिला दिसतात त्या समारंभात ओवाळणी करण्यापुरत्या. गावातली शिक्षिका किंवा स्वयंसाहाय्य गट चालवणारी बाई बाहेर ठेवून वीस माणसे शोधत हिंडणे हे अनाकलनीय आहे.

हजेरी गळू लागल्यास

सभासदांच्या निष्ठेला दोष देण्यापूर्वी सभेचा वार, वेळ आणि जेवणाचे बिल तपासावे. म्हापशात शुक्रवार बाजाराचा. त्या संध्याकाळी व्यापारी सभेला येणार नाही. फोंड्यात रात्री उशिरा सभा संपली तर बसने गावी परतणाऱ्याची अडचण होते. हॉटेलातले जेवण हजेरीशी बांधले की पगारदार सभासद निमित्ते शोधू लागतो. रोटरीच्या नियमांनुसार महिन्यातून दोन सभा पुरतात, आणि त्या शाळेच्या वर्गात चहावर भागवल्याने क्लबची प्रतिष्ठा कमी होत नाही. चवथीच्या दिवसांत, शिगम्यात आणि गावच्या जत्रेला कोणताही कार्यक्रम ठेवू नये. देवस्थान समिती आणि युवक मंडळ यांच्याशी तारखा आधीच बोलून घ्याव्यात, म्हणजे हीच मंडळी पुढे मदतीलाही येतात.

प्रकल्पांबाबत एकच सांगतो. प्रत्येक नवा क्लब रक्तदान शिबिराने श्रीगणेशा करतो आणि उत्साहाच्या भरात दोन महिन्यांत दुसरे जाहीर करतो. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये किमान ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावे लागते, त्यामुळे पहिल्या शिबिराचे दाते दुसऱ्याला चालत नाहीत आणि रक्तपेढीचे पथक रिकाम्या हाताने परत जाते. तारीख ठरवण्यापूर्वी रक्तपेढीला विचारावे.

पैशांचा घोळ

सर्वांत महाग पडणाऱ्या चुका इथे होतात. खाते संस्थापक अध्यक्षाच्या वैयक्तिक नावावर उघडले जाते, आणि पुढे तो रागावला किंवा मुंबईला गेला की क्लबचे पैसे अडकतात. खाते क्लबच्या नावे, क्लबच्या पॅनवर आणि दोन सह्यांचे असावे. प्रशासनाचा आणि सेवाकार्याचा पैसा वेगळ्या खात्यांत ठेवावा. लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेल्या रकमेतून पदग्रहणाचे जेवण घालणे लायन्सच्या नियमांतही बसत नाही. प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी ‘८०जी’ची पावती देऊ असे देणगीदाराला सांगण्यापूर्वी तशी मान्यता आपल्या संस्थेला आहे का हे पाहावे, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही हेही सांगावे.

गोव्यात आणखी एक अडचण हमखास येते. गावचा माणूस परदेशातून देणगी पाठवतो, आणि तो आपलाच म्हणून रक्कम जमा करून घेतली जाते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. मात्र त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी ती विदेशी देणगी होते आणि २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारता येत नाही. म्हणून पैसे येण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे संकोच न बाळगता विचारावे.

शेवटची चूक पुढच्या अध्यक्षाबाबतची. मे महिन्यात चार्टर मिळालेल्या क्लबच्या अध्यक्षाचे वर्ष जूनमध्ये संपते की पुढे वर्षभर चालते, हे कोणी ठरवलेले नसते आणि जुलैत दोन गट पडतात. पदाधिकाऱ्यांची मुदत स्थापनेच्या सभेतच ठरवून इतिवृत्तात नोंदवावी, डिसेंबरपर्यंत पुढच्या वर्षाची निवड उरकावी, आणि सभासद नोंदणीच्या पोर्टलचे पासवर्ड, पावतीपुस्तके व इतिवृत्ते ३० जूनपूर्वी सही घेऊन सुपूर्द करावीत. लायन्समध्ये नव्या क्लबला दोन वर्षांसाठी गाइडिंग लायन, म्हणजे मार्गदर्शन करणारा लायन्स सभासद, दिला जातो. तो चार्टर नाईटनंतर दिसेनासा झाला असेल, तर डिस्ट्रिक्टकडे लेखी मागणी करून त्याला बोलावून घ्यावे.