पार्ट-टाइम फोर बाय फोर टाकल्यावर गाडी कशी वाटायला हवी, हे चालवून कसं ओळखायचं

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला घणसोलीहून आत्येभावाचा फोन आला, "दादा, गाडी वळतच नाहीये रे, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी झालीये." नवीन थार, महिनाही झाला नव्हता. पाऊस जोरात होता म्हणून त्याने पाम बीच रोडवर फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) टाकला, रस्ता बराचसा सरळ त्यामुळे काही जाणवलं नाही, आणि सोसायटीच्या बेसमेंटमध्ये फुल स्टिअरिंग कापून गाडी लावायला गेला तेव्हा टायर करकरायला लागले, स्टिअरिंग जड झालं आणि गाडी हिसके देत थांबायला लागली. त्याला वाटलं गिअरबॉक्स गेला, टोइंगवाल्याला बोलवायच्या तयारीत होता. मी म्हटलं टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) कर, स्टिअरिंग सरळ कर आणि दोन-तीन मीटर रिव्हर्स घे. खालून एक 'ठक' आवाज आला, मीटरमधला फोर बाय फोरचा दिवा गेला आणि गाडी लोण्यासारखी वळली.

त्या गाडीत काहीच बिघडलं नव्हतं. पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरज पडली तरच चारही चाकांना ताकद द्यायची सोय) डांबरावर असाच वागतो आणि असाच वागायला हवा, पण शोरूममध्ये डिलिव्हरीच्या वेळी हे नीट कुणी सांगत नाही.

आधी कारण समजून घ्या, मग हाताला जे लागेल त्याचा अर्थ लागेल. थार, जिमनी, गुरखा, व्ही-क्रॉस या गाड्यांमध्ये फोर-एच टाकला की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे दांडे) एकमेकांना लॉक करते. दोघांनी सारखंच फिरायचं, फरक पडू द्यायला मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर्स) नाही. पण वळताना पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात आणि मागची आतून. साधा हिशोब बघा, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) २.५ मीटर धरा आणि पुढच्या ॲक्सलचा (चाकांच्या जोडीच्या आसाचा) मध्य ५.५ मीटर त्रिज्येच्या गोलावर धरा, तर मागच्या ॲक्सलचा मध्य ४.९ मीटरच्या गोलावर येतो. एका यू-टर्नमध्ये पुढचा ॲक्सल साधारण १७.३ मीटर चालतो आणि मागचा १५.४. जवळजवळ दोन मीटरचा फरक, म्हणजे चाकाचा पाऊण फेरा तरी, आणि हा फरक कुठेतरी जायलाच हवा. माती-मुरुमावर चाक थोडं घसरून तो फरक काढून टाकतं. डांबरावर, काँक्रीटवर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअर्समध्ये साठतो. बेसमेंटमध्ये मागून कुणीतरी धरल्यासारखं वाटलं तो हाच पीळ.

एक्सयूव्ही ७०० किंवा डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह चालवून आलेल्यांना हे हमखास खटकतं कारण त्या गाड्या हा फरक स्वतः सांभाळतात, बटण दाबून विसरून जायचं. पार्ट-टाइममध्ये विसरून चालत नाही.

आता प्रॅक्टिस. जागा अशी हवी जिथे थोडी सैल जमीन आहे आणि कुणाला त्रास नाही. आम्ही पनवेलच्या पुढे नेऱ्याकडे मामाच्या जागेत जातो, तिथे मुरूम टाकलेला कच्चा रस्ता आहे. येऊरच्या जंगलात किंवा खाडीकडेच्या खारफुटीत गाडी घालू नका, येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि खारफुटी तुडवली तर वर्षानुवर्षं भरून येत नाही.

पायरी १. निघण्याआधी चारही टायर बघा. साईज एकच हवी, हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे हवी आणि झीज साधारण सारखी. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असं असेल तर घेर वेगळे होतात, मग सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ बसतो आणि तुमची सगळी परीक्षा चुकते.

पायरी २. टू-एचमध्ये मुरुमावर फुल स्टिअरिंग कापून चालण्याच्या स्पीडने एक गोल मारा. स्टिअरिंग किती हलकं आहे आणि क्लच सोडल्यावर गाडी आपोआप किती सरकते ते हाताला आणि पायाला लक्षात राहू द्या. याच्याशीच पुढचं सगळं ताडून बघायचंय.

पायरी ३. स्टिअरिंग सरळ, ॲक्सिलरेटर सोडलेला, अशा वेळी फोर-एच टाका. बऱ्याच गाड्यांत हे चालत्या गाडीत करता येतं पण किती स्पीडपर्यंत ते आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. दिवा आधी लुकलुकला तर घाबरू नका, दातेरी भाग अजून जुळले नाहीत एवढाच त्याचा अर्थ, थोडं पुढे गेलात की स्थिर होतो. सरळ जाताना गाडी जवळपास तशीच वाटायला हवी, फार तर खालून हलकीशी घरघर वाढेल आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी किंचित लवकर मंदावेल.

पायरी ४, सगळ्यात महत्त्वाची. फोर-एचमध्येच तोच गोल पुन्हा मारा, सावकाश. आता स्टिअरिंग जड लागेल, हातातून सरळ व्हायला बघेल, थोडं जास्त ॲक्सिलरेटर द्यावं लागेल आणि मधेमधे बारीक झटका बसेल, जसं एखादं चाक क्षणभर अडकून सुटतंय. हे सगळं बरोबर आहे. मग गाडी थांबवा, उतरा आणि चाकोरी बघा. टू-एचच्या गोलात टायरची नक्षी स्वच्छ उमटलेली दिसेल, प्रत्येक ब्लॉक वेगळा. फोर-एचच्या गोलात ती नक्षी फरफटलेली असेल, कडेला मुरुमाची छोटी वरंबी चढलेली. साचलेला पीळ तिथे जमिनीत उतरलाय. मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्या सगळ्यांना हे बघितल्यावरच डोक्यात प्रकाश पडला, नुसतं सांगून नाही.

डांबरावरचं वाटणं ओळखायचंच असेल तर अर्धंच स्टिअरिंग, दोन-तीन मीटर, चालण्याच्या स्पीडने, आणि बस. यू-टर्न पूर्ण करायच्या नादात जोर लावू नका, त्याने टायर, शाफ्टचे जॉइंट आणि ट्रान्सफर केस सगळ्यांवर ताण येतो.

पायरी ५. बाहेर पडणं. टू-एचला घेतलं तरी दिवा जात नसेल तर पीळ अजून अडकलाय. लिव्हरवर ताकद लावू नका. स्टिअरिंग सरळ करून थोडं रिव्हर्स घ्या, आवाज येऊन सुटतं.

पायरी ६. फोर-एल, म्हणजे चारही चाकांना ताकद पण कमी वेगाचा लो रेंज. गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलला, क्लच दाबून टाका. नव्या थारमध्ये लो रेंजचा रेशो २.४८ आहे आणि जिमनीत साधारण २, म्हणजे त्याच इंजिन स्पीडला गाडी निम्म्या किंवा त्याहून कमी वेगाने जाते आणि चाकाला ताकद त्या मानाने वाढते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय आणि गाडी मुंगीसारखी चाललीय असं वाटेल, तसंच वाटायला हवं. उतारावर पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, ब्रेकवरून पाय काढलेला, तरी गाडी इंजिनच्या ताब्यात उतरते. हा विश्वास पायाला यायला वेळ लागतो, छोट्या उतारावर पाच-सहा वेळा करा.

आणखी एक गैरसमज. फोर-एच म्हणजे चारही चाकं लॉक नव्हे. लॉक किंवा ब्रेकने अडवायची सोय नसलेल्या गाडीत प्रत्येक ॲक्सलवरचं डिफरन्शियल उघडंच असतं, म्हणजे ताकद सहज फिरणाऱ्या चाकाकडे जाते, त्यामुळे पुढचं एक आणि मागचं तिरकं एक चाक हवेत गेलं तर तीच दोन फिरत बसतात आणि गाडी जागची हलत नाही. बिघाड नाही हा. गुरखासारखी डिफ लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक) असलेली गाडी असेल तर तेव्हा तो वापरायचा.

आणि पावसात पाम बीच किंवा घोडबंदरवर फोर-एच? नको. ओल्या डांबरालाही पकड असतेच, त्यामुळे पीळ बसतो, वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला जायला बघते, आणि ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर फोर बाय फोरने कमी होत नाही. पाण्यात वेग कमी करणं हाच उपाय.

मग खरा बिघाड कुठला? टू-एचमध्ये वळतानाही जडपणा आणि झटके येत असतील. फोर-एचमध्ये सैल जमिनीवर सरळ जातानाही गाडी अडत असेल आणि टायर सारखे असतील. दिवा लुकलुकतच राहत असेल. दात घासल्यासारखा खरखर आवाज स्पीडबरोबर वाढत असेल. आणि जे कुणाच्या लक्षात येत नाही ते, फोर-एचचा दिवा स्थिर आहे पण फुल स्टिअरिंगवर काहीच फरक वाटत नाही, गाडी टू-एचसारखीच हलकी वळतेय, तर पुढच्या चाकांना ताकद पोचतच नाहीये. जुन्या जिप्सीत पुढच्या चाकांचे हब (चाक शाफ्टला जोडणारा मधला भाग) हाताने लॉक करायचे असतात, त्यात ते उघडे राहिले की नेमकं हेच होतं, आधी उतरून हब बघा. बाकी गाड्यांत वर्कशॉपला जा आणि नुसतं "फोर बाय फोर चालत नाही" म्हणू नका, कुठल्या मोडमध्ये, कसल्या जमिनीवर, स्टिअरिंग किती कापल्यावर आणि दिवा कसा होता हे चारही सांगा.