कुत्र्याला फळं देताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारातून हापूसच्या पेट्या घरोघर पोहोचतात. आमरस झाला की उरलेली कोय कुत्र्यापुढे जाते, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. चोखून बुळबुळीत झालेली कोय घशात सरकते. लॅब्रॅडॉरसारखे हावरट तर ती अख्खी गिळतात. पोटात ती विरत नाही, आतड्यात अडकते. वारंवार उलट्या, खाण्याला तोंड न लावणं, शी बंद होणं ही त्याची लक्षणं. ती दिसायला काही दिवसही लागू शकतात, त्यामुळे गिळताना पाहिलं असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा. घरी उलटी करवू नका, वर येताना कोय अन्ननलिकेत अडकते.

गर मात्र खुशाल द्या. साल काढून इंचभराच्या फोडी करा. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला तीन-चार पुरतात. जेवणाशिवायचा सगळा वरचा खाऊ मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसायला हवा, म्हणजे आंबा दिला त्या दिवशी बिस्किटं बंद. नवं फळ असेल तर आधी एकच फोड द्यायची आणि दोन दिवस शी पातळ होते का बघायचं. मधुमेही कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

द्राक्षं, मनुका आणि बेदाणे अजिबात नाहीत. किती खाल्ले तर चालतात, असं सुरक्षित प्रमाणच नाही. ती कुत्र्याला विषारी ठरतात, त्यामागे संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणून भेळेची चटणीही वर्ज्य. घरात फसवतो तो प्रसादाचा शिरा. "एवढ्याशा शिऱ्यात काय होतंय?" म्हणत पाहुणे भरवतात आणि त्यात मनुका असतातच. मग उलटी होते, कुत्रा जरा बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात. मूत्रपिंडाला झालेली इजा पुढच्या एक ते तीन दिवसांत कळते: मरगळ, लघवी कमी होणं किंवा थांबणं. पहिल्या दोनेक तासांत नेलं तर डॉक्टर औषधाने उलटी करवू शकतात. मिठाचं पाणी पाजणं हा घरगुती उपाय तर घातकच, त्याने वेगळीच विषबाधा होते.

चिकू, सीताफळ, सफरचंद बिया काढूनच. कलिंगडाचं सालही काढा. चाट मसाला लावलेल्या फोडी देऊ नका.

दवाखान्यात जाताना कुत्र्याचं वजन, काय आणि किती खाल्लं, किती वाजता, हे लिहून न्या. पाकीट उरलं असेल तर तेही सोबत घ्या. ठाण्यात संध्याकाळी घोडबंदर रोडच्या वाहतुकीत अर्धा तास सहज जातो, म्हणून निघण्याआधी फोन करा आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आजच शोधून ठेवा.